ऑझीनंतरचा सॅबथ: 'हेवन अँड हेल' ऐकल्यापासून डोक्यात भुंगा लागलाय, जाणत्यांनी सांगा

विश्रामबाग_रिफ
नमस्कार सगळ्यांना. मी सांगलीचा, विश्रामबागला राहतो, गिटार वाजवतो. आमचा चौघांचा बँड आहे, साडेतीन वर्षं झाली. प्रश्न ब्लॅक सॅबथचा, म्हणजे इंग्लंडच्या त्या जुन्या हेवी मेटल बँडचा आहे पण त्यात आमचा पण प्रश्न अडकलाय म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

२०२५ च्या जुलैत बर्मिंगहॅमला व्हिला पार्कवर त्यांच्या पहिल्या गायकाचा, ऑझी ऑस्बोर्नचा शेवटचा कार्यक्रम झाला, खुर्चीत बसून गायला, जुने चौघं परत एका स्टेजवर, आणि पुढं सतरा दिवसांत माणूस गेलाच. तेव्हा आम्ही ठरवलं की सॅबथ पहिल्यापासून ओळीनं ऐकायचं, निवडक गाणी नाही, अख्खे अल्बम. १९७० ते १९७८ असे आठ झाले. मग नववा लावला, १९८० चा 'हेवन अँड हेल', आणि पहिल्या गाण्यातच आमचा ड्रमर म्हणाला की तू चुकीचा बँड लावलायस. गायक वेगळा हे माहीत होतं मला, रॉनी जेम्स डिओ, पण नुसता गायक नाही सगळंच वेगळं वाटलं. गिटार टोनी आयोमीचीच आहे हे कळतंय, तरी ती वेगळ्या घरात राहायला गेल्यासारखी वाजते.

आता आमचं सांगतो. आमचा गायक जूनमध्ये नोकरीसाठी पुण्याला गेला. भांडण वगैरे काही नाही, अजून रोज फोन असतो. त्याच्या जागी मिरजेची एक मुलगी आली, आठ वर्षं शास्त्रीय शिकलीय, गळा जबरदस्त. गणपतीत आमचा एक कार्यक्रम झाला, तीच जुनी यादी, तीच गाणी, त्यातली दोन आमची स्वतःची मराठी जी आधीच्या गायकानं लिहिलेली. खाली उतरलो तर तीन-चार जण तोंडावर म्हणाले की आधीचा पोरगा बरा होता. तिनं ऐकलं ते. काही बोलली नाही पण पुढच्या दोन प्रॅक्टिसला आली नाही आणि मला त्या दिवसापासनं चैन नाही, कारण तिला 'इथं तो असं ओढायचा, तसंच ओढ' असं मीच महिनाभर सांगत होतो.

तर विचारायचं असं की 'हेवन अँड हेल'ला सॅबथ म्हणायचं का दुसरा बँड म्हणायचं, आणि मुख्य म्हणजे त्या लोकांनी नेमकं काय केलं म्हणून ते जमलं? मला तो अल्बम आवडलाय, लई आवडलाय, पण का जमलाय ते बोटावर येत नाही.

जुनी_कॅसेट
बाळा, प्रश्न चांगला विचारलास आणि मोकळेपणानं विचारलास. मी मिरजेचा, आता साठीला आलोय.

हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो कॉपी केलेल्या कॅसेटवर, हॉस्टेलवर एका मित्रानं दिलेली, कव्हर नाही, वर नुसतं पेननं नाव. मला बँड कोणता तेही माहीत नव्हतं. म्हणजे मी सॅबथ ऐकला तो आधी डिओचा, ऑझी मागाहून आला आयुष्यात, त्यामुळं तुला जो धक्का बसला तो मला उलटा बसला. ऑझीचं 'पॅरानॉइड' ऐकल्यावर मला वाटलं हे कोण बाबा. ती कॅसेट मी तीस वर्षं सांभाळली, २०१९ च्या पुरात गावभागातल्या बहिणीच्या घरी ठेवलेल्या पेटीसकट गेली. फीत उन्हात वाळवून बघितली, नाही वाजली.

असो. काय झालं होतं ते आधी नीट बघ. १९७९ च्या एप्रिलमध्ये ऑझीला काढला. नवीन काही सुचत नव्हतं, दारू आणि बाकीच्या गोष्टी सगळ्यांच्याच हाताबाहेर, आणि ऑझीला सांगायचं काम आलं ड्रमर बिल वॉर्डकडं, जो त्याचा सगळ्यात जवळचा. बेसवाला गीझर बटलर पण घरगुती कारणानं मधेच बाहेर पडला. म्हणजे एका टप्प्याला आयोमी आणि वॉर्ड दोघंच उरले होते जुन्यांतले. जेफ निकल्स नावाचा बर्मिंगहॅमचाच माणूस बेस धरायला आला, गीझर परत आल्यावर तोच कीबोर्डवर सरकला आणि पुढं वर्षानुवर्षं राहिला. आणि डिओ काय कोवळा पोरगा नव्हता, जन्म १९४२ चा, म्हणजे बँडमधल्या बाकी सगळ्यांपेक्षा मोठा, एल्फ आणि मग रिची ब्लॅकमोरचा रेनबो असे दोन बँड करून आलेला, स्वतःची गायकी पक्की झालेला माणूस. अमेरिकन, त्यामुळं बर्मिंगहॅमच्या गल्लीतली ती चौघांची भाषा पण त्याला नव्हती.

आता तुझ्या मुद्द्याचं. ऑझी कसा गायचा? रिफ, म्हणजे गिटारची ती परत परत येणारी चाल, जिकडं जाईल तिकडं त्याचा गळा जायचा. 'आयर्न मॅन' आठव, गिटार आणि गाणं एकाच वाटेनं चाललेत. हे वाईट नाही, त्यातच त्या गाण्याची भीती आहे. डिओ आला आणि तो रिफच्या आडवा गायला लागला. रिफ खाली आपली चालतीय, हा वरनं लांब सूर धरतोय, रिफ संपली तरी त्याचा सूर संपला नाही, मधेच उतरतोय. आयोमीनं स्वतः हा फरक सांगितलाय, की ऑझी रिफबरोबर जायचा आणि रॉनी रिफवरनं आडवा जायचा. आणि त्यामुळं आयोमीला पण हात बदलावा लागला. लांब सूर वर धरलाय म्हटल्यावर खालचे कॉर्ड बदलत गेले तर तोच सूर दर वेळी वेगळा लागतो, ही गंमत त्याला मिळाली. रिफमध्ये जागा सोडायला लागला तो.

'चिल्ड्रन ऑफ द सी' परत लाव. डिओबरोबर बसून झालेलं पहिलं गाणं ते. सुरुवातीला नुसती साधी गिटार, अॅकॉस्टिक, सूर सुटे सुटे वाजतात, त्यावर डिओ अगदी हळू येतो, आणि मग एकदम जड रिफ कोसळते. ती रिफ ऐक किती सावकाश आहे. दोन ठोक्यांमध्ये एवढी मोकळी जागा की गायकानं तिथं घर बांधावं. ती जागा आयोमीनं मुद्दाम ठेवलीय गळ्यासाठी, असं मला वाटतं.

अजून एक. शब्द. आधी बहुतेक शब्द गीझर लिहायचा, ऑझी गायचा. या अल्बमला शब्द डिओचे. गीझरला त्याचं वाईट वाटलं नाही उलट ओझं उतरल्यासारखं झालं असं तो सांगतो. म्हणजे जो गाणार त्याच्याच तोंडचे शब्द. तुमच्या त्या मुलीला तुम्ही दुसऱ्यानं स्वतःच्या तोंडासाठी लिहिलेली गाणी दिलीत ना, तिथंच बघ काय झालंय.

आणि प्रोड्युसर मार्टिन बर्च. आधीचे काही अल्बम आयोमीच वाजवायचा आणि तोच रात्रभर बसून मिक्सिंगकडं बघायचा. बर्चनं डीप पर्पल, रेनबो केलेले, त्याला डिओचा गळा माहीत होता. बाहेरचा कान आला खोलीत. ४० मिनिटांचा अल्बम, आठ गाणी, एप्रिल १९८० मध्ये आला आणि ब्रिटनच्या यादीत नवव्या नंबरापर्यंत गेला, ज्या बँडला लोक संपला म्हणत होते त्याचा.

सॅबथ म्हणायचं का? मी म्हणतो. रिफ आयोमीची तोवर सॅबथ.

कुपवाड_प्रेसशॉप
भावा मी बेस वाजवतो, आणि दिवसा कुपवाड एमआयडीसीत पॉवर प्रेसवर हाय, चौदा वर्षं झाली. वर काकांनी सगळं सांगितलंय, मी दोनच गोष्टी बोलतो.

आयोमीची बोटं. त्यो सतरा वर्षाचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला हुता, नोकरीचा शेवटचा दिवस, मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. त्यो डावखुरा, म्हणजे उजवा हातच तारेवर. आमच्याकडं प्रेसवर बोट गेल्यालं मी डोळ्यानं बघितलंय, एकाचं माझ्यासमोर गेलंय, त्यानंतर माणूस पाण्याचा तांब्या धरायला पण बिचकतो, आणि ह्यो माणूस घरी बसून प्लास्टिकची बाटली वितळवून बोटाला टोप्या करतो, वर चामडं चिकटवतो, तारा हलक्या पाहिजेत म्हणून बँजोच्या तारा लावतो, पुढं तिसऱ्या अल्बमला तर तारा तीन पट्ट्या खाली उतरवल्या. सगळी दुनिया ज्याला हेवी मेटलचा आवाज म्हणते त्यो असा तयार झालाय. म्हणून मला वाटतंय, ज्या माणसानं बोटं गेल्यावर वाद्य आपल्या हातापरमाणं बदलून घेतलं त्याला गायक गेल्यावर गाणं बदलून घ्यायला कसली भीती वाटणार. त्याला सवय हुती, जे हातात उरलंय त्याच्यावर चाल बांधायची.

दुसरं बेसचं. टायटल गाणं 'हेवन अँड हेल' बघा, सात मिनिटाचं. पहिल्यांदा रिफ येती, सगळ्यांना माहीत असल्याली, आणि डिओ गायला लागला की गिटार मागं सरकती. खाली फक्त बेस आणि ड्रम, टक टक टक टक एकसारखं, काही कलाकुसर न्हाई. गिटारवाल्यांनी हे लई नीट ऐका. सॅबथमध्ये आयोमीची गिटार म्हंजे घराचा खांब, आणि त्यानं नव्या गड्याला गायला वाट देऊन सोता बाजूला झाला. शेवटी गाणं पळायला लागतं, मग सोलो, आणि पार शेवटाला एकदम शांत, नुसती तार छेडल्यागत. मी कामावरनं सुटल्यावर गाडीवर हे ऐकत येतो, माधवनगरच्या रस्त्याला शेवटचा शांत तुकडा येतो बरोबर.

तुमच्या बँडमध्ये गिटार किती वाजती पोरगी गाताना? खरं सांग.

सातारी_ड्रमर
वरच्या सगळ्यांबद्दल आदर आहे पण मला थोडं वेगळं बोलायचंय आणि ते बोललं पाहिजे असं वाटतं.

अल्बम भारी आहे, वाद नाही. पण तो सॅबथ नाही. ऑझीच्या गळ्यात शिक्षण नव्हतं, रेंज डिओच्या निम्मी पण नसेल, तरीपण ऑझी गातो तेव्हा तो त्या भीतीच्या आत उभा असतो. त्या पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्यात पाऊस पडतोय, घंटा वाजतीय आणि माणूस खरोखर घाबरलाय. डिओ घाबरत नाही. डिओ गोष्ट सांगतो, कीर्तनकारासारखा, उंच जागेवर उभा राहून, हात करून, आणि फार सुंदर सांगतो, पण तो त्या गोष्टीत अडकलेला नाही. बर्मिंगहॅमच्या कारखान्याच्या गल्लीतला साधा पोरगा गाण्यातनं गेला आणि त्याच्या जागी राजवाड्यातला भाट आला. मला ते जे गेलं त्याचं दुःख वाटतं, आणि ते दुःख पन्नास वेळा अल्बम ऐकूनही कमी झालं नाही.

आणि हे मी म्हणत नाही फक्त, त्यांनीच म्हटलंय एका अर्थी. २००६ च्या सुमाराला आयोमी, गीझर, डिओ आणि ड्रमर विनी अपीस परत एकत्र आले तेव्हा त्यांनी सॅबथ नाव लावलं नाही, 'हेवन अँड हेल' हेच बँडचं नाव ठेवलं, त्याच नावानं दौरे केले, २००९ ला अल्बम काढला. २०१० च्या मे महिन्यात डिओ गेला तिथं तो बँड थांबला. म्हणजे त्या चौघांना पण वाटलं असणार की हे घर वेगळं आहे, त्याला वेगळं नाव पाहिजे.

बिल वॉर्डबद्दल कुणी फारसं बोललं नाही म्हणून लिहितो, मी ड्रमर आहे. वॉर्ड इतका दारूत बुडाला होता की हा अल्बम रेकॉर्ड केल्याचं आपल्याला आठवतच नाही असं तो नंतर सांगतो. विचार करा, आयुष्यातल्या सर्वात चांगल्या कामांपैकी एक आणि आठवणीत नाही. आणि वाजवलंय किती नेमकं. जुना वॉर्ड जॅझवाला, सैल, लाटेसारखा पुढंमागं होणारा, इथं एकदम सरळ, आखीव. मला तो जुना सैल वॉर्ड जास्त आवडतो. १९८० च्या ऑगस्टमध्ये दौरा चालू असताना तो मधेच निघून गेला. ऑझी गेल्यावर स्टेजवर त्याचं मन लागत नव्हतं. विनी अपीसनं अगदी थोड्या दिवसांत सगळं बसवलं आणि पुढच्या वर्षीचा 'मॉब रूल्स' त्याच्याबरोबर झाला. तर नवीन माणूस आला की सगळं बदलून सुंदर होतं, एवढंच सांगून भागत नाही, कुणीतरी जुना त्यात तुटतो पण. तुमच्यात तो कोण आहे ते बघ भावा. कदाचित तूच असशील.

सगळी गाणी सारखी पण नाहीत. 'लेडी ईव्हिल' मला आजही भरताड वाटतं. 'डाय यंग' मात्र मधला तो शांत तुकडा येतो ना, कीबोर्ड आणि हळू आवाज, तिथं मी वाद सोडून देतो.

पेटीवाली
मी इथं वाचत असते, लिहिते क्वचित. संगीत नाटकाला पेटीची साथ करत आले, पस्तीस वर्षं झाली, सांगलीतच. रॉकमधलं मला काही कळत नाही. पण या प्रश्नात ती मुलगी आहे म्हणून भाच्याकडून अल्बम लावून घेतला आणि दोनदा ऐकला, एकदा नुसता आणि एकदा पेटी पुढ्यात घेऊन.

तुम्ही मुलं ज्याला बँड म्हणता त्याला आमच्याकडे मंडळी म्हणायचे आणि हा प्रश्न मंडळ्यांना शंभर वर्षांपूर्वी पडून गेलाय, तोही इथेच, आपल्या भागात. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले. भाऊराव म्हणजे त्या मंडळीचा गळा, लोक त्यांच्यासाठी यायचे. मंडळीला चार वर्षं तसं माणूस मिळेना, आणि १९०५ साली मिरजेत बालगंधर्व शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले. ते भाऊरावांसारखे गायले नाहीत. मग १९१३ साली बालगंधर्वच मंडळी सोडून बाहेर पडले, स्वतःची गंधर्व मंडळी काढली, आणि किर्लोस्करमध्ये आले दीनानाथ मंगेशकर, चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. आता बघा, बालगंधर्वांचं गाणं लडिवाळ, लयीशी खेळणारं, आणि दीनानाथांचा गळा म्हणजे वीज, तान सुटली की बाणासारखी. त्यांना कुणी बालगंधर्व हो म्हटलं असतं तर आपण दीनानाथांना मुकलो असतो. त्यांनी १९१८ साली बळवंत मंडळी काढली आणि त्या मंडळीची पदं त्या तडफदार गळ्यासाठीच बांधली गेली. साथीला बसणाऱ्यांचा हात पण बदलला. हे मी कुणाकडून ऐकलेलं सांगत नाहीये, दोघांची पदं मी वाजवते म्हणून सांगते, एकाला भरत जायचं आणि दुसऱ्याला मोकळं सोडायचं, नाहीतर तान अडखळते.

तो डिओ गातो कसा ते मी नीट ऐकलं. माणसाला दमसास आहे. सूर धरला की शेवटपर्यंत त्याची जाडी कमी होत नाही, आणि जोर लावतो तेव्हा गळ्यावर नाही, पोटातून लावतो. भाच्यानं सांगितलं की लहानपणी वडिलांनी त्याला ट्रम्पेट वाजवायला लावलं होतं आणि आपला श्वास तिथून तयार झाला असं तो म्हणायचा. पटलं मला. आमच्याकडे खर्ज भरायला लावतात पहाटे, काम तेच.

अजून एक भाच्यानं दाखवलं, तो बोटांची दोन शिंगं करतो ते. त्याच्या इटालियन आजीची खूण म्हणे, दृष्ट लागू नये म्हणून ती करायची. आपल्या आज्या मीठ-मोहऱ्या उतरवतात तसंच. आणि ती त्यानं स्टेजवर का आणली, तर आधीचा गायक दोन बोटांची शांततेची खूण करायचा आणि लोकांना तिचीच सवय, याला दुसऱ्याची खूण उचलायची नव्हती. म्हणून आजीची खूण घेऊन उभा राहिला. मला हे त्या सगळ्या अल्बमपेक्षा जास्त आवडलं.

आता कामाचं. त्या मुलीला तुम्ही कोणत्या पट्टीत गायला लावताय? मुलांचे बँड बहुतेक पांढरी तीनमध्ये, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा धरून वाजवतात, गिटारची जाड तार तिथे असते म्हणून, हे मला माहीत आहे. त्या पट्टीत मुलाचा गळा वरच्या सुरांवर ताणला जातो आणि तो ताण लोकांना आवडतो. तोच सूर मुलीच्या मध्य सप्तकाच्याही खाली येतो, तिथे तिला जोर लावायला जागाच नाही. शास्त्रीय शिकलेली मुलगी, ती काळी चार नाहीतर पाचमध्ये शिकली असणार. तिला खर्जात कोंडून ठेवलं आणि वर म्हणताय की आधीचा बरा होता. मी रागावून लिहीत नाही, पण हे आधी बघा.

विश्रामबाग_रिफ
सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंय, मी परवापासून चार वेळा वाचलं.

प्रेसशॉप दादा, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर: ती गात असताना मी पूर्ण वेळ वाजवतो. एक मात्रा पण सोडत नाही. आधीचा गायक असताना पण तेच करायचो पण तो ओरडून वर काढायचा, ती ओरडत नाही.

पेटीवाल्या काकू, तुम्ही म्हणता ते शब्द न् शब्द बरोबर निघालं. मी तिला फोन केला, आधी माफी मागितली, मग विचारलं पट्टी कुठली, तर म्हणाली काळी चार. मी म्हटलं मग इतके दिवस बोलली का नाहीस, तर म्हणाली तुम्ही सगळे म्हणत होता की गाणं असंच आहे. काल प्रॅक्टिसला आली. आम्ही आमच्या दोन गाण्यांतलं एक घेतलं, पांढरी तीनवरनं पांढरी सहावर नेलं. गिटारवर ते सोपं पडलं, जाड तारेवरची रिफ तशीच्या तशी शेजारच्या तारेवर, बोटं तीच. रिफचा आवाज थोडा पातळ होतो, ते मला सलतंय, पण तिचा गळा मोकळा झाला तेव्हा आमचा ड्रमर वाजवायचा थांबला आणि बघतच राहिला.

मग दुसऱ्या कडव्याला मी गिटार सोडली. नुसता बेस आणि ड्रम, टक टक टक टक. तिनं पहिला शब्द घेतला आणि पुढच्या शब्दापर्यंत मींड घेत गेली, आमच्या गाण्यात ते कधीच नव्हतं, आणि रिफ जिथं संपायची तिथं ती संपलीच नाही, पुढच्या आवर्तनात जाऊन उतरली. कॅसेटवाले काका, आडवं गाणं म्हणजे काय ते मला काल समोर दिसलं.

सातारच्या दादांनी लिहिलंय की तुटणारा कदाचित तूच असशील. त्यावर दोन दिवस विचार केला. मला आमच्या गायकाची आठवण येते हे खरंय, आणि मी तिला त्याच्यासारखं गायला लावत होतो ते त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी होतं. काल प्रॅक्टिसनंतर त्याला पुण्याला फोन करून रेकॉर्डिंग ऐकवलं. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, माझे शब्द तिच्या तोंडात शोभत नाहीत रे, तिला बदलू दे.

सातारी_ड्रमर
हे वाचून बरं वाटलं, खरंच. गायकाला मनापासून नमस्कार सांग. मी माझ्या मतावर आहे की डिओचा सॅबथ हा दुसरा बँड, पण तुमचा दुसरा बँड ऐकायला सांगलीला येईन.

एक सुचवतो. जुनी सगळी गाणी टाकू नका. सॅबथनं पण डिओला घेऊन दौऱ्यावर 'आयर्न मॅन', 'वॉर पिग्स', 'पॅरानॉइड' वाजवलीच, लोकांना ती हवी असतात. पण दोन-तीन ठेवा, आणि कार्यक्रमाची सुरुवात नव्यानं करा. गणपतीत तुम्ही पहिलंच गाणं जुनं घेतलंत ना, तिथंच लोकांनी तुलना सुरू केली असणार. 'हेवन अँड हेल' चालू होतो तो 'निऑन नाइट्स'नं. ते गाणं अल्बम भरायला शेवटी शेवटी झालेलं, तरी पहिलं ठेवलं, कारण ते पळतं, माणसाला जुनं आठवायला सवडच देत नाही.

कुपवाड_प्रेसशॉप
गिटार पातळ वाजती म्हणतोस त्याच्यावर सांगतो. रिफ शेजारच्या तारेवर नेलीस तर खाली जागा मोकळी झाली की, ती बेसवाल्याला दे. त्याला म्हणावं एक सप्तक खालनं धर आणि पिक वापर, बोटानं नको. दोघं एकाच उंचीला वाजवत बसला तर पातळच लागणार. आणि बेसवाल्याला टायटल गाण्याचं पहिलं कडवं दहा वेळा वाजवायला लाव. सोपं हाय पण एकसारखं वाजवत राहायला दम लागतो.

जुनी_कॅसेट
बाळा, एक राहिलं माझं. अल्बममधलं शेवटचं गाणं, 'लोन्ली इज द वर्ड', कुणी काढलं नाही. त्यात डिओ गाऊन झाल्यावर आयोमीची गिटार सुरू होते ती गाणं विरेपर्यंत थांबत नाही, सावकाश, ब्लूजच्या वळणाची, घाई नाही. सगळा अल्बम त्यानं गळ्याला वाट दिली आणि शेवटी मनातलं सगळं तारेवर बोलून घेतलं. तुला रिफ पातळ झाल्याचं सलतंय म्हणालास ना, तर तुझी जागा तिथं आहे. तिचं गाणं संपलं की.

सातारकरांशी मी वाद घालणार नाही. २००७ साली मिरजेहून रात्रीच्या गाडीनं बंगळूरला आयर्न मेडन ऐकायला गेलो होतो, तोही गायक बदललेला बँड, आणि त्यांच्या बदलानंतरच्या पहिल्या अल्बमला पण मार्टिन बर्चच होता. परतीच्या गाडीत आम्ही चौघं मित्र पहाटेपर्यंत हाच वाद घालत आलो, घटप्रभा गेलं तरी मिटला नव्हता.

पेटीवाली
पांढरी सहापेक्षा काळी चारच घेऊन बघा, अर्धा सूर वर नको, तिच्या सवयीच्या पट्टीत. गिटारला ती लावायची चिमट्यासारखी पट्टी असते ना, ती लावा, भाचा म्हणतो त्यासाठी कुठली काळी कुठं येते ते तो सांगेल.

आणि तिचे शब्द तिला लिहायला वेळ द्या, दिवाळीच्या कार्यक्रमाची घाई करू नका. रविवारी संध्याकाळी मी घरीच असते, तिला पेटी घेऊन बसायचं असेल तर येऊ दे. तुम्ही पण या, पण वाजवायला नाही, ऐकायला.

विश्रामबाग_रिफ
येतो काकू. चौघंही येतो. तिला आत्ताच सांगितलं, तिनं विचारलंय तानपुरा आणू का.

पेटीवाली
आण म्हणावं.